चादरीवर हलणारी बोटं

सिस्टर,

मागच्या महिन्यात एका सोमवारी सकाळी मी एका म्हाताऱ्या माणसाच्या तोंडाला कान लावून बसलो होतो. घरातल्या लोकांना वाटलं, मी आशीर्वाद घेतोय. मी ऐकत होतो. तुम्ही असता तर म्हणाला असता, "अरे, कान काय लावतोस, आधी घड्याळ लाव." घड्याळही लावलं, पण नंतर. आधी कान लावला, कारण मला भीती वाटत होती की आत खरंच देवाचं नाव असेल, आणि तसं असलं तर मी पुन्हा एकदा हात जोडून बाजूला होईन.

आपला दवाखाना बंद पडला त्याला बरीच वर्षं झाली. मी आता एका ब्युरोकडून लोकांच्या घरी जाऊन पेशंट सांभाळतो. सध्या बजाजनगरात एका रो-हाउसमध्ये दिवसपाळी आहे. माणसं मूळची कन्नड तालुक्याकडची, शेतीवाडीची. मुलगा वाळूजला कंपनीत सुपरवायझर, त्याला मी दादा म्हणतो, त्याच्या बायकोला वहिनी. पेशंट म्हणजे दादांचे वडील, आण्णा. ऐंशी ओलांडलेले, एसटीतून रिटायर झालेले कंडक्टर. पाय गेलेत, पण तोंड शाबूत. मला 'मामा' म्हणतात आणि दिवसातून वीस वेळा दार उघडायला लावतात, गाडी सुटंल म्हणून. मी सकाळी त्यांच्या खोलीतल्या देवाला हात जोडले की म्हणायचे, "झालं का मामा रिझर्वेशन? खिडकीची जागा माग." स्वतः कधी हात जोडले नाहीत. म्हणायचे, "मी जल्मभर लोकान्ला देवाला सोडून आलो. आपण सोताहून उतरलो नाय कधी."

शनिवारी त्यांना सर्दी झाली होती, शिंका येत होत्या. रविवारी माझी सुट्टी. सोमवारी आठला गेलो तर दारात चपलांचा ढीग. सात-आठ जोड. वाटलं, आण्णा गेले. पण आत रडणं नव्हतं, उदबत्तीचा वास होता. वहिनी ओठांवर बोट ठेवून पुढं आल्या. "भाऊ, हळू. आण्णा नामात हायत."

आण्णा उताणे पडले होते. डोळे अर्धे मिटलेले, ओठ हलतायत, उजव्या हाताची बोटं चादरीच्या काठावर सारखी चाललेली. कपाळाला कुणीतरी बुक्का लावला होता. शेजारच्या भजनी मंडळाच्या मावशी उशाशी बसल्या होत्या आणि गल्लीतल्या बायका एकेक करून पायावर डोकं ठेवत होत्या. मावशी मला म्हणाल्या, "बघा भाऊ, काल दुपारपासनं असंच. ना दार, ना गाडी, ना शिवी. असं भाग्य कुणाला मिळतं?"

दार नाही, गाडी नाही, शिवी नाही. तिथंच मला संशय आला. तो संशय माझा नाही, सिस्टर, तुम्ही घातलेला आहे.

तुमचं पहिलं झापणं मला वारासकट आठवतं. मी नवा होतो, गावच्या शाळेत दहावी करून आलेला, वॉर्डातल्या फरशीवर चालायलाही बिचकणारा. मी धावत तुमच्या टेबलाशी आलो. "सिस्टर, तीन नंबरचा पेशंट घाबरलाय." तुम्ही मान वर केली नाही. "घाबरलाय हे तुला कुणी सांगितलं? त्यानं?" "नाय." "मग?" "घाम आलाय, सिस्टर. दरदरून. अंग गार पडलंय." तेव्हा तुम्ही खुर्ची मागं सारून उठलात आणि चालता चालता म्हणालात, "मग घाम आलाय म्हण की! अंग गार पडलंय म्हण. घाबरलाय म्हणलास तर मी त्याला पाणी पाजीन. घाम म्हणलास तर डॉक्टरला बोलवीन. तुला काय दिसलं ते सांगत जा, बाबा. काय वाटलं ते तुझ्यापाशी ठेव." तो माणूस वाचला. हार्टचं होतं. दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत तुम्ही डब्यातली लसणाची चटणी माझ्या भाकरीवर घातलीत आणि त्या विषयावर एक शब्द बोलला नाहीत.

नंतर हळूहळू बाकीचं शिकवलंत. श्वास मोजायचा तर मनगट धरायचं, म्हणजे पेशंटला वाटतं नाडी बघतोय. श्वासावर नजर आहे हे कळलं की माणूस श्वास बदलतो. "ज्याच्यावर संशय घेतोस त्याला तो कळू द्यायचा नाही," असं तुम्ही हसून म्हणायचात. कण्हणाऱ्या पेशंटकडं सगळेच बघतात, तू गप्प झालेल्याकडं बघ. कालपर्यंत भांडणारा आज भांडत नसेल, मागून खाणारा मागत नसेल, सकाळी हाक मारल्यावर ओ देणारा दुपारी नुसता बघत असेल, तर मला येऊन सांग. मी जेवत असले तरी सांग. उगाच सांगितलंस म्हणून मी तुला कधी बोलणार नाही. आणि खरंच तुम्ही कधी बोलला नाहीत. मी कितीतरी वेळा उगाच धावत आलो असेन.

आणि ज्या दिवशी यायला हवं होतं त्या दिवशी आलो नाही.

तो सात नंबरचा पेशंट माझ्याच भागातला होता. पिशोरकडचा शेतकरी, पांढरी दाढी, अंगात कोपरी. हर्नियाचं ऑपरेशन होऊन चौथा दिवस. आदल्या दिवशी पोट दुखतंय म्हणून बायकोवर ओरडत होता. त्या सकाळी मी चादर बदलायला गेलो तर शांत. डोळे अर्धे मिटलेले, ओठ हलतायत, बोटं चादरीवर चाललेली. सिस्टर, मी तेव्हा पंचवीसचाही नव्हतो. वडील नुकतेच गेले होते, जाताना त्यांनी त्यांची तुळशीची जपमाळ माझ्या हातात दिली होती, ती मी खिशात घेऊन कामावर यायचो. त्या माणसाकडं बघून मला माझे वडील आठवले. मी माळ काढली आणि त्याच्या बोटांत ठेवली. बोटांनी ती धरली. त्याची बायको रडायला लागली, आनंदानं. मी वॉर्डातल्या लोकांना गप्प बसवलं आणि कॉटभोवतीचा पडदा ओढून घेतला.

तुमच्याकडं त्या दिवशी दोन वॉर्ड होते, दुसऱ्या सिस्टर आल्या नव्हत्या. बारा वाजता तुम्ही वही घेऊन दारातूनच विचारलंत, "सात नंबर कसा आहे?" मी म्हणालो, "शांत आहे, सिस्टर." तुम्ही पडद्याकडं बघितलंत. मग माझ्याकडं. आणि लिहिलंत: पेशंट शांत.

मी तुम्हाला बोटांचं का सांगितलं नाही हे आज लिहितो. तुमच्या गळ्यात क्रूस होता. मला वाटलं, हिला माळेचं काय कळणार. येईल, माळ काढायला लावील, म्हणेल दवाखान्यात हे कसलं सोंग. असं तुम्ही कधी वागला नव्हता. उलट दसऱ्याला ऑपरेशन थिएटरच्या दाराला झेंडूचं तोरण बांधलं नाही म्हणून तुम्हीच आम्हाला ओरडायचात. तरी मी संशय घेतला. ज्याच्यावर घ्यायचा त्या पेशंटवर घेतला नाही, तुमच्यावर घेतला.

चार वाजता तुम्ही स्वतः आलात आणि पडदा सारलात. पोटाला हात लावलात आणि तुमचा आवाज फुटला, "डॉक्टरांना बोलवा, पळा!" मी पळण्याआधी त्याच्या हातातली माळ ओढून घेतली. सहज निघाली नाही. दोन बोटं उचकटावी लागली. माळ खिशात घातली तेव्हा तुमची पाठ माझ्याकडं होती. निदान मला तसं वाटलं. पोटात आतडं फुटून विष झालं होतं. दिवे लागायच्या सुमाराला तो माणूस गेला.

पुढं चौकशी झाली तेव्हा मी दाराशी उभा होतो. मोठ्या साहेबांनी विचारलं, "बारा वाजता तुम्ही स्वतः पाहिलं होतं का?" तुम्ही म्हणालात, "ड्युटी माझी होती. लिहिलंय मी." पुन्हा विचारलं, "कुणी काही कळवलं होतं?" तुम्ही म्हणालात, "वहीत आहे तेवढंच." माझं नाव आलं नाही. मी पुढं होऊन बोललो असतो तर पाच मिनिटांत सगळं मिटलं असतं, म्हणजे माझ्यापुरतं संपलं असतं. मी बोललो नाही. तुम्हाला वॉर्डातून काढून इंजेक्शनच्या खोलीत बसवलं. जाताना तुम्ही तुमचं सेकंदकाट्याचं घड्याळ मला दिलंत. "मला आता लागत नाही." एवढंच म्हणालात. ती भेट होती की शिक्षा, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. तुम्ही मला माळ खिशात घालताना पाहिलं होतं का, हेही. कितीदा वाटतं, पाहिलं होतं. कितीदा वाटतं, पाहिलं असतं तर एकदा तरी विचारलं असतं. तुम्ही गेलात त्याला सोळा वर्षं झाली आणि हा संशय माझ्याबरोबर रोज कामाला येतो.

तर सोमवारी मी आण्णांच्या उशाशी गेलो. आधी आण्णांची रोजची वही उघडली. रात्रपाळीच्या माणसानं लिहिलं होतं: झोप शांत, श्वास अठरा, लघवी झाली. मागचं पान: झोप शांत, श्वास अठरा, लघवी झाली. त्याच्या मागचंही तेच. शाईसुद्धा एकच, जणू एका बैठकीत आठवडा उरकला होता. वहिनींना विचारलं, "गोळ्या दिल्या का?" माझं वाक्य संपायच्या आत त्या म्हणाल्या, "समद्या येळच्या येळंला." मी डबी उघडून बघितली. बरोबर होत्या. पण त्या माझ्या हाताकडं बघत उभ्या राहिल्या, आणि मला तेही आवडलं नाही.

मग मी कान लावला. ते हळू, सलग काहीतरी म्हणत होते. हळूहळू शब्द सुटे झाले. "पुढं व्हा... पुढं व्हा... मधी उभं राहू नका."

मी मनगट धरलं, तुमचं घड्याळ समोर ठेवलं आणि नाडी बघण्याचं नाटक करत पूर्ण एक मिनिट छाती मोजली. तीस. जीभ कोरडी, अंग गरम. डायपर नुसता थेंब थेंब ओलसर, पण बेंबीखाली हात ठेवला तर ओटीपोट घट्ट, फुगलेलं. जरा दाबलं तर कपाळाला आठी पडली. मी मोठ्यानं हाक मारली, "आण्णा, गाडी लागली!" इतर दिवशी या एका वाक्याला ते उठून बसले असते. बोटं तेवढी चालत राहिली.

गरम पाणी आणायला स्वयंपाकघरात गेलो. चहाच्या डब्यामागं एक चुरगळलेली पट्टी दिसली, सर्दीच्या गोळ्यांची. चार घरं फुटलेली. ही गोळी आमच्या वहीत नव्हती. वळलो तर दारात वहिनी. त्यांनी मला पाहताना पाहिलं. दोघंही बोललो नाही. खरं सांगतो, सिस्टर, त्या क्षणी मी त्या बाईबद्दल नको ते मनात आणलं. कंटाळली असेल, म्हाताऱ्याला गुंगीत ठेवत असेल.

दादा कंपनीच्या गणवेशात चहा पीत होते. मी म्हणालो, "दादा, आण्णांना दवाखान्यात न्यायला पायजे. आत्ता."

"काय झालं? कालपासून तर चांगले आहेत."

"श्वास तीस भरला. अंग गरम हाय. ओटीपोट कडक झालंय, लघवी नीट उतरत नाय. हाक मारली तर ओ देत नायत. बोटं हलतायत."

"बोटं हलतायत म्हणजे जप चाललाय, मामा." दादा हसले. "तुम्ही माळकरी माणूस, तुम्हाला मी सांगायचं व्हय?"

मावशी आतून म्हणाल्या, "राहू द्या हो भाऊ त्यान्ला. जल्मभर उभ्यानं गेला माणूस, आता कुठं टेकलाय. तुम्ही नळ्या घालायला नेता?"

"मावशी, ते नाव घेत नायत. मी ऐकलं. पुढं व्हा, मधी उभं राहू नका, असं म्हणतायत."

"मग तो बी उपदेशच झाला की!" मावशी म्हणाल्या, आणि दोन बायकांनी माना डोलावल्या. एरवी मला हसू आलं असतं.

मी मावशींसमोर बसलो. "मावशी, तुम्ही रोज माळ ओढता. माळंला कोणतं बोट लावत नायत?"

"तर्जनी. हे अंगठ्याशेजारचं. एवढं बी म्हाईत नसंल व्हय मला?"

"मग आण्णांचं बघा."

सगळ्यांनी बघितलं. अंगठा आणि तर्जनी. दोन बोटांनी चादरीचा काठ चिमटीत धरायचा, हलका झटका द्यायचा, आणि हात पुढं करायचा, कुणाला तरी काही देण्यासाठी. पुन्हा चिमटी, पुन्हा झटका, पुन्हा हात पुढं. दादा जवळ आले, वाकले. लहानपणी किती वेळा पाहिलं असेल त्यांनी ते. हळूच म्हणाले, "तिकिटं फाडतायत."

मावशींनी पायाजवळची उदबत्ती उचलून बाजूला नेली. तेवढ्यात दादा सावरले. "असू द्या मामा. वय झालंय. भास होतात. घरातच बरं. तिकडं नेलं की माणूस परत येत नाही." त्यांचा आवाज मऊ होता, आणि मऊ आवाजातला नकार वळवणं फार अवघड. मला काय दिसलं ते सांगून झालं होतं. वहीतलं सगळं संपलं होतं. मग जे कधी कुणाला सांगितलं नव्हतं ते तोंडातून बाहेर पडलं.

"दादा, चोवीस वर्षांमागं असाच एक माणूस माझ्या वॉर्डात होता. अशीच बोटं चालली होती. मी म्हणालो जप चाललाय. मी त्याच्या हातात माळ दिली, पडदा ओढला, आणि सिस्टरला सांगितलं की शांत आहे. सकाळी सांगितलं असतं तर कदाचित वाचला असता. संध्याकाळी गेला. माझ्यामुळं गेला. तुम्हाला मला उद्यापासून येऊ नको म्हणायचं तर म्हणा. पण आण्णांना उचला."

दादांनी माझ्याकडं बघितलं, ते बघणं मी विसरणार नाही. त्यात विश्वास नव्हता. अशा माणसाच्या हातात आपण बाप दिलाय, असं ते बघणं होतं. पण त्यांनी गाडीची चावी घेतली.

दवाखान्यात नळी घातली तशी पिशवी भरत गेली. दुसरी लावावी लागली. डॉक्टर म्हणाले, लघवी तुंबून तिथला जंतू रक्तात चढलाय, संध्याकाळपर्यंत थांबला असता तर अवघड होतं. मग त्यांनी विचारलं, "रोजच्या गोळ्यांशिवाय काही दिलं होतं का?" दादा म्हणाले, काही नाही. वहिनी भिंतीला टेकून उभ्या होत्या. मी म्हणालो, "स्वयंपाकघरात सर्दीच्या गोळ्यांची पट्टी दिसली. चार गोळ्या संपलेल्या." डॉक्टर म्हणाले, "प्रोस्टेट वाढलेल्या माणसाला ती गोळी लघवी अडकवते. म्हातारपणी डोकंही भरकटवते. कुणी दिली?" मी म्हणालो, "पट्टी पाहिली. देताना कुणाला पाहिलं नाय."

हे म्हणताना मला तुमचं वाक्य ऐकू आलं. वहीत आहे तेवढंच. इतकी वर्षं मी समजत होतो की तुम्ही माझ्यावर दया केलीत. त्या दिवशी वाटलं, तुम्ही नुसता तुमचा नियम पाळलात. दिसलं तेवढं सांगितलंत. उरलेलं सांगायचं काम माझं होतं आणि तुम्ही ते माझ्यासाठी सोडलं होतंत.

वहिनी पुढं आल्या. पदराचा शेव मुठीत धरलेला. "म्या दिली," म्हणाल्या. "शिंका थांबत नव्हत्या. मेडिकलवाल्यानं दिली, म्या चारली. मला काय म्हाईत." आणि नवऱ्याकडं वळून, "भाऊंनी बघितली व्हती पट्टी. घरात बोलले नायत." एवढंच. एक मिनिटही लागलं नसेल. मला चोवीस वर्षं जमलं नव्हतं ते त्या बाईनं हातातली पिशवी खाली न ठेवता केलं.

चौथ्या दिवशी आण्णांनी डोळे उघडले. मला बघितलं, नळी बघितली, आणि म्हणाले, "काय रं मामा, कोणत्या डेपोत आणून टाकलंस मला?" आता घरी आहेत, दार उघडायला लावतात, शिव्या देतात. गल्लीतल्या बायका दर्शनाला येत नाहीत. दादा माझ्याशी कामापुरतं बोलतात, आणि संध्याकाळी माझी वही स्वतः तपासतात. तपासू देत. मला ते चुकीचं वाटत नाही.

उस्मानपुऱ्यात तुमची मुलगी राहते हे मला पहिल्यापासून माहीत होतं. माझी रिक्षा रोज त्या गल्लीच्या तोंडावरून जाते. तुम्ही गेलात तेव्हा मी प्रार्थनेला आलो होतो, फाटकाबाहेर उभा राहून परत गेलो. इतकी वर्षं रोज ठरवायचो, उद्या उतरू. काल रविवार होता. मी उतरलो.

तिनं दार उघडलं. कपाळ तुमचंच. मी सांगितलं, "मी तुमच्या आईच्या हाताखाली वॉर्डबॉय होतो." तिनं आत बसवलं, पाणी दिलं. मी पाणी पिण्याआधी बोललो, कारण प्यायलो असतो तर पुन्हा राहिलं असतं. सात नंबर, पडदा, माळ, 'शांत आहे सिस्टर', आणि चौकशीच्या दाराशी गप्प उभा राहिलेला मी. "चूक माझी होती, तुमच्या आईची नव्हती," असं दोनदा म्हणालो. ती शाळेत शिकवते. शाळेतल्यासारखी शेवटपर्यंत ऐकत होती. मग म्हणाली, "आम्ही लहान होतो. इंजेक्शन रूमचं नाव काढलं की आई उठून आत जायची. आम्हाला वाटायचं, आईच्या हातून माणूस मेलाय." थोड्या वेळानं विचारलं, "तुम्ही तेव्हाच का नाही बोललात?" मी म्हणालो, "नोकरी जाईल म्हणून." तिनं मान हलवली. क्षमा केली असं म्हणाली नाही, मीही मागितली नाही. मी विचारलं, "तुमची आई माझ्याबद्दल कधी काही बोलली होती का?" ती म्हणाली, "एका वॉर्डबॉयला घड्याळ दिलं एवढं सांगायची. चांगलं काम करतो म्हणायची." म्हणजे तुम्हाला माहीत होतं की नव्हतं, ते मला तिथंही कळलं नाही. घड्याळ मी काढून टेबलावर ठेवलं. तिनं ते परत माझ्याकडं सरकवलं. "लागेल तुम्हाला," म्हणाली.

एवढं झालं, सिस्टर. हे पत्र कुठं टाकायचं नाही, आण्णांच्या भरलेल्या जुन्या वहीत ठेवून देणार आहे. तुमच्या मुलीला सगळं सांगितलं, एक सोडून. तर्जनीचं मला सोमवारी सुचलं असं या पत्रातही वाटत असेल. तसं नाही. सात नंबरच्या हातात माळ ठेवली तेव्हा त्यानं ती अंगठ्यानं आणि तर्जनीनंच धरली होती. मी पाहिलं होतं. मला वडिलांनी शिकवलेलं होतं, मला खटकलं होतं. आणि मी त्याचं ते बोट हळूच बाजूला करून दिलं होतं.